बागेतून काढलेल्या पेपरबार्कचं बोन्साय: पहिली काही वर्षं

ऑस्ट्रेलियात बोन्साय शिकायला घेतलं की समोर येणारी बहुतेक माहिती जपानी मेपल, जुनिपर आणि पाइनची असते. त्या झाडांचं वेळापत्रक ठरलेलं आहे. थंडीत झाड निजलेलं असताना ते खणायचं, मुळं छाटायची आणि वसंतात पालवी फुटायची वाट बघायची. हेच वेळापत्रक इथल्या देशी झाडांना लावलं की त्यांतली बरीच मरतात, आणि मग नेटिव्ह झाडांचं बोन्साय होतच नाही असा समज पसरतो.

होतं, आणि फार देखणं होतं. कॅनबेराच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षउद्यानातल्या राष्ट्रीय बोन्साय आणि पेंजिंग (बोन्सायसारखी चिनी कला) संग्रहात पाइन-मेपलच्या जोडीला इथली देशी झाडंही मांडलेली असतात. एकदा तिथे जाऊन ती निवांत बघा. मेलबर्नमध्ये तर फक्त देशी झाडांवर काम करणारा व्हिक्टोरियन नेटिव्ह बोन्साय क्लब आहे. ही झाडं अवघड नाहीत. त्यांना ऊब आणि भरपूर पाणी लागतं, आणि पहिल्या वर्षी त्यांना हात न लावणारा माळी लागतो, एवढंच.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना या झाडांची ओळख आधीपासून असते. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू, घाटातल्या लागवडीतली निलगिरी, पुण्याच्या बंगल्यांसमोरचा बॉटलब्रश, कॉफीच्या मळ्यातला सिल्व्हर ओक ही सगळी ऑस्ट्रेलियातलीही मूळचीच झाडं आहेत. इथे मी मुख्यतः प्रिकली पेपरबार्कबद्दल लिहिते. हा मेलालुका कुळातला, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या पूर्वेकडचा. पानं बारीक आणि टोकदार, साल कागदाच्या थरांसारखी सुटणारी. मेलबर्न-सिडनीत रस्त्याकडेला आणि जुन्या बागांमध्ये तो भरपूर लावलेला आहे. नवशिक्यासाठी याच्याइतकं क्षमाशील झाड क्वचित मिळतं. बॉटलब्रशही याचा अगदी जवळचा नातलग, त्यामुळे खालची जवळजवळ सगळी पद्धत त्यालाही चालते.

आधी परवानगी

राष्ट्रीय उद्यानातून किंवा राखीव जंगलातून झाड काढणं हा गुन्हा आहे, मग ते कितीही लहान असो. सरकारी जमिनीवरच्या देशी वनस्पतींना प्रत्येक राज्यात कायद्याचं संरक्षण आहे. न्यू साउथ वेल्समध्ये 2016 चा जैवविविधता कायदा आहे, व्हिक्टोरियात 1988 चा फ्लोरा अँड फॉना गॅरंटी कायदा. फुटपाथवरचं झाड काउन्सिलचं असतं. आदिवासी समाजांच्या जमिनीवर तर त्यांच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही. खासगी जमिनीवर मालकाची लेखी संमती घ्या. तेवढ्यानेही काम संपत नाही, कारण आपोआप उगवलेलं देशी झाड काढायला काही ठिकाणी काउन्सिलची वेगळी परवानगी लागते. एक फोन करून विचारून घ्या.

मग झाड मिळायचं कुठून? जुनी घरं पाडून नवी बांधण्याचं काम प्रत्येक उपनगरात चालू असतं. तिथली बाग तशीही बुलडोझरखाली जाणार असते, आणि विचारलं तर बहुतेक मालक आनंदाने हो म्हणतात. कुंपणाला खेटून वाढलेली, दरवर्षी छाटली जाणारी हेजची झाडं तर उत्तमच, कारण वारंवार छाटल्यामुळे त्यांचे बुंधे जाड आणि वळणदार झालेले असतात. दुसरी वाट म्हणजे जी देशी झाडं आपला मूळ प्रदेश सोडून दुसरीकडे तण म्हणून पसरली आहेत ती. कोस्ट टी-ट्री हे किनाऱ्यावरचं देशी झाड त्याचं ठळक उदाहरण. तण काढणाऱ्या स्वयंसेवी गटांशी बोलून, परवानगी घेऊन अशी झाडं घेता येतात. तिसरी वाट नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात असते, वर्षानुवर्षं विकली न गेलेल्या मोठ्या कुंड्यांची. जंगलातलं शंभर वर्षांचं झाड ओरबाडून आणण्यापेक्षा या तिन्ही वाटा मला कितीतरी चांगल्या वाटतात.

झाड निवडताना खाली बघा

फांद्या आणि पानं आज कशी दिसतात याला फारसा अर्थ नाही, ती नंतर नव्याने घडवता येतात. बुंधा मात्र घडवता येत नाही. म्हणून गुडघ्यावर बसा, बुंध्याभोवतीची माती चार बोटं उकरा आणि तीन गोष्टी बघा. खोड जमिनीत शिरताना रुंदावतं का? मुळं एकाच बाजूला न जाता सगळीकडे पसरली आहेत का? पहिल्या वीतभर उंचीत थोडंसं वळण किंवा निमुळतेपणा आहे का? पहिल्या झाडासाठी 4 ते 8 सेंटिमीटर जाडीचा बुंधा पुरे. त्याहून जाड झाड खणायला दोन माणसं लागतात आणि वर खोड कापल्याची जखम भरायला कित्येक वर्षं जातात.

झाड निरोगी असू द्या. पानं पिवळी पडलेलं, अर्धं वाळलेलं झाड "वाचवायला" म्हणून घेऊ नका. खणण्याचा धक्का सोसायला त्याच्याकडे ताकदच उरलेली नसते.

केव्हा खणायचं

झाड वाढीत असताना आणि माती उबदार झाल्यावर. मेलबर्न आणि कॅनबेराकडे ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरची सुरुवात, सिडनीत थोडं आधीपासून, ब्रिस्बेनकडे त्याहूनही मोकळा काळ मिळतो. फांद्यांच्या टोकांना कोवळी पालवी दिसली की समजायचं, मुळंही कामाला लागली आहेत. कापलेलं मूळ नवी पांढरी मुळं फोडतं ते मातीत ऊब असतानाच. थंड, ओल्या मातीत जखमा नुसत्या कुजत राहतात. जुलैच्या थंडीत मेपल खणतात म्हणून पेपरबार्क खणू नका. पुढच्या आठवड्याचा अंदाजही बघा. 38-40 अंशांचा ताव येणार असेल तर थांबा.

खणण्याचा दिवस

कुदळ, धारदार फावडं, छाटणीची करवत, मुळं कापायची जुनी कात्री, बादलीभर पाणी, ओली गोणपाटं आणि मोठ्या प्लास्टिक पिशव्या बरोबर घ्या. हत्यारं आणि बुटांचे तळवे आधी आणि नंतर मेथिलेटेड स्पिरिटने पुसा. हा केवळ सोपस्कार नाही. फायटॉफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोगजंतू बुटाला चिकटलेल्या मातीतून पसरतो आणि त्याने इथली जंगलंच्या जंगलं पोखरली आहेत.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी घाला. मग आधी वरचा भाग कापा. किती? बोन्सायमध्ये साधारण अंदाज असा की पूर्ण झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट असावी. म्हणजे 7 सेंटिमीटरच्या बुंध्याला 40-42 सेंटिमीटर उंची शोभते. पण खोड तेवढं लांब ठेवू नका. ते 20-25 सेंटिमीटरवरच कापा, वरचा भाग नव्या कोंबातून घडेल. तसं केलं तरच खोड वर जाताना निमुळतं होतं, नाहीतर खुंट्यासारखं सरळसोट दिसतं.

एवढं कापून झाड जगतं कसं? ऑस्ट्रेलियातली अनेक झाडं वणव्यांबरोबर घडली आहेत. पानं-फांद्या जळून गेल्या तरी जाड सालीखाली निजलेल्या कळ्या जाग्या होतात आणि खोडावर सगळीकडे पालवी फुटते. पेपरबार्क, बॉटलब्रश आणि बहुतेक निलगिरी यांत पटाईत आहेत, म्हणून करवतीने बोडकं केलेलं पेपरबार्कचं खोडही पुन्हा हिरवं होतं. तरी खालची एखाददुसरी हिरवी फांदी असेल तर पहिल्या वर्षापुरती राहू द्या, मुळांना तिचा आधार होतो.

कोस्ट टी-ट्रीला मात्र हा नियम लावू नका. त्याच्या जुन्या, बोडक्या लाकडातून सहसा नवा कोंब येत नाही. हवी असलेली प्रत्येक फांदी हिरवी ठेवूनच कापायची. बँक्सिया या दुसऱ्या देशी झाडाच्या बाबतीतही सावध राहा. ओल्ड मॅन बँक्सिया बुंध्यातल्या गाठीतून आणि सालीखालून फुटते, पण सगळ्या बँक्सिया तशा नसतात.

आता बुंध्यापासून त्याच्या जाडीच्या तीन-चारपट अंतरावर गोल चर खणा. जाड मुळं फावड्याने ठेचू नका, करवतीने कापा. मग खालून तिरकं शिरून मधलं सोटमूळ कापलं की झाड सुटतं. इथून पुढचं सगळं भराभर करायचं. मुळं उन्हावाऱ्यात उघडी पडली की बारीक तंतू काही मिनिटांत सुकतात, आणि पाणी शोषणारे तेच असतात. मुळांचा गोळा लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळा, पिशवीत घाला, सावलीत ठेवा. खड्डा बुजवून जागा नीट करून द्या. पुढच्या वेळी त्याच घरी विचारायला तोंड राहतं.

पहिली पेटी

देखण्या सिरॅमिक कुंडीचा मोह आवरा. पहिली तीन-चार वर्षं झाडाला साधी, प्रशस्त पेटी हवी. भाजीवाल्याकडे ब्रोकोलीचे पांढरे फोमचे खोके फुकट मिळतात. 15-20 सेंटिमीटर खोल, उन्हात मुळं तापू न देणारे. तळाला भरपूर भोकं पाडा, वर जाळी टाका.

घरी आल्यावर मुळांचा तळ करवतीने सपाट करा. आज जाड मुळं खाली लोंबती ठेवली तर पुढे ते झाड उथळ कुंडीत बसणारच नाही. वरच्या बाजूची, चहूकडे पसरणारी मुळं जपायची, खाली जाणारी कापायची. चिकणमाती असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने ती बऱ्यापैकी धुवून काढा. पेपरबार्कला उबदार हवामानात हे सोसतं. बँक्सियाला सोसत नाही, तिच्या मुळांभोवतीची माती पहिल्या वेळी तशीच राहू द्यायची.

मिश्रण सुटं हवं. मुठीत दाबून सोडलं की चिवड्यासारखं मोकळं झालं पाहिजे. मी दोन भाग प्युमिस किंवा बारीक स्कोरिया (दोन्ही हलके, सच्छिद्र ज्वालामुखी खडे) आणि एक भाग कुजवलेली पाइनची साल घेते. सगळं चाळून 3 ते 6 मिलिमीटरचे दाणे ठेवायचे, खालची धूळ फेकून द्यायची. धूळ राहिली की ती तळाशी बसते, पाणी तुंबतं आणि मुळांना हवा मिळत नाही. बागेतली माती अजिबात नको.

झाड बसवल्यावर काडीने टोचत टोचत मिश्रण मुळांच्या मधल्या पोकळ्यांत उतरवा. मग तारेने किंवा सुतळीने बुंधा पेटीला घट्ट बांधा. या पायरीकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. वाऱ्याने झाड हललं की नुकतीच फुटलेली, दोऱ्याइतकी नाजूक मुळं तुटतात, पुन्हा फुटतात, पुन्हा तुटतात. शेवटी तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या. वरच्या कापावर जखमेची पेस्ट लावा.

पहिलं वर्ष: फक्त पाणी

पेटी सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. वरून पारदर्शक पिशवी सैलसर घातली तर दमटपणा टिकतो, पण पिशवीवर थेट ऊन येऊ देऊ नका. तीन-चार आठवड्यांनी पिशवी थोडी थोडी उघडत जा आणि सकाळचं ऊन द्यायला लागा.

पेपरबार्क हे दलदलीच्या आणि ओढ्याकाठच्या झाडांचं कुळ. पाणी कमी पडलं तरच ते रागावतं. झाड जोरात वाढायला लागलं की उन्हाळ्यात पेटीखाली दोन-तीन सेंटिमीटर पाण्याचा उथळ ट्रे ठेवा. बोन्सायच्या सर्वसाधारण सल्ल्याच्या हे अगदी उलट आहे, पण मेलालुकाला ते मानवतं. मेलबर्नचा उत्तरेकडून येणारा कोरडा, तापलेला वारा एका दुपारीत कुंडी वाळवू शकतो, आणि तेव्हा हा ट्रेच झाड वाचवतो. बँक्सियाखाली मात्र असा ट्रे कधीही ठेवू नका, ती कुजेल.

काही आठवड्यांत सालीतून हिरवे-लालसर ठिपके डोकावतात, मग कोंबांचे झुपकेच्या झुपके. इथे हात शिवशिवतात. आवरा. हे पहिले कोंब बऱ्याचदा खोडात साठवलेल्या अन्नावर फुटलेले असतात, त्यामुळे ते दिसले म्हणजे मुळं धरली असं नाही. उलटही घडतं. ठेवलेल्या फांदीवरची पानं हिरवी दिसत राहतात आणि झाड आतून केव्हाच गेलेलं असतं. कोंब वीतभर लांब होऊन उन्हातही ताठ राहिले की मुळं कामाला लागली असं समजा. तोवर खत नाही, छाटणी नाही, तार नाही, उपटून बघणं तर नाहीच. पंधरवड्याला सीसॉलसारखं समुद्री शेवाळाचं पातळ द्रावण दिलं तर चालतं.

खताच्या पिशवीवरचा मधला आकडा

ऑस्ट्रेलियाची माती फार प्राचीन आणि झिजलेली आहे. तिच्यात फॉस्फरस अत्यल्प. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया या कुळाने त्यावर उपाय म्हणून केसांच्या ब्रशसारखी दाट गुच्छमुळं विकसित केली, जी मातीतला कण न् कण फॉस्फरस ओढून घेतात. अशा झाडाला गुलाबाचं खत घातलं तर त्याला विषबाधाच होते, पानांच्या कडा करपतात आणि झाड जातं. म्हणून पिशवीवरच्या एन-पी-के (नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅशियम) आकड्यांतला मधला, फॉस्फरसचा आकडा बघायचा आणि या कुळासाठी "नेटिव्ह" असं लिहिलेलं, कमी फॉस्फरसचं हळू विरघळणारं खतच वापरायचं.

पेपरबार्क इतका नाजूक नाही, पण त्यालाही हेच खत पुरतं आणि मनाला शांती राहते. कोंब वीतभर झाल्यावर थोडं, मग वसंत ते शरद नियमित. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. आयर्न चिलेट (झाडाला सहज घेता येणारं लोह) पाण्यात मिसळून द्या, नवी पानं हिरवीगार येतात.

दुसऱ्या वर्षापासून आकार

आता खोडावर डझनावारी फांद्या असतील. पुढची बाजू ठरवा, म्हणजे जिथून बुंधा सर्वांत रुंद आणि मुळं सर्वांत छान दिसतात ती. कापाच्या अगदी खालचा, पुढच्या बाजूचा एक जोमदार कोंब शेंडा म्हणून निवडा. त्याच्या मागच्या बाजूने खोडाचा आडवा काप तिरका करा, म्हणजे जखम मागे लपते आणि खोड त्या कोंबात सहज मिसळल्यासारखं दिसतं. बाकीच्यांतून वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या पाच-सहा फांद्या ठेवा. एकाच जागी चार कोंब फुटले असतील तर तीन काढाच. राहू दिले तर तिथे गाठ सुजते आणि ती नंतर कमी होत नाही.

तार कोवळेपणीच बांधायची. पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी हवी तशी वाकते, जुनी झाली की तार काढताच पुन्हा जागेवर जाते. ॲल्युमिनियमची तार वापरा आणि उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी तपासा. या झाडाची वाढ इतकी वेगवान की तार बघता बघता सालीत रुतते.

आणि आकार कोणता द्यायचा? माझं याबाबत ठाम मत आहे. पेपरबार्कचा जपानी पाइन करू नका. आडव्या, पायऱ्यापायऱ्यांच्या फांद्या आणि ताटासारखे सपाट थर या झाडाला परके दिसतात. रविवारी सकाळी एखाद्या ओढ्याकाठी जाऊन मोठा पेपरबार्क बघा. फांद्या खोडातून वर झेपावतात, मग बाहेर वळतात आणि टोकाच्या बारीक काड्या खाली झुकतात. पानांचे पुंजके सुटे सुटे असतात, त्यांतून आकाश दिसतं. खोडं कधी दोन, कधी तीन, एकाच बुंध्यातून निघालेली. फोटो काढा, चित्र काढा, ते कुंडीजवळ लावा. पेपरबार्कच्या कागदी सालीत आदिवासी समाजांनी अन्न गुंडाळून भाजलं, तिने झोपड्या शाकारल्या. झाडाचं सगळं व्यक्तिमत्त्व तिच्यात आहे. म्हणून सुटत आलेले थर सोलून खोड "स्वच्छ" करायला जाऊ नका.

पुढचं काम पुनःपुन्हा तेच. कोंब बोटभर लांबू द्यायचा, मग दोन-तीन पानांवर कापायचा, तो दोन ठिकाणी फुटतो, पुन्हा कापायचा. शेंडा मात्र पहिली दोन वर्षं मोकळा सोडा. तो मीटरभर वाढला तरी वाढू द्या, त्यानेच वरचा भाग जाड होतो. हवी ती जाडी आली की खाली कापून पुन्हा नवा शेंडा.

रोग आणि किडी

कोवळ्या पानांवर हळदीसारखी पिवळी भुकटी दिसली तर ती मर्टल रस्ट. ऑस्ट्रेलियात 2010 साली न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्यांदा आढळलेली ही बुरशी पेपरबार्क, बॉटलब्रश, निलगिरी यांच्या मर्टल कुळाला लागते. तो भाग लगेच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. झाड दुसऱ्या राज्यात न्यायचं असेल तर तिथले क्वारंटाइनचे नियम आधी वाचा, टास्मानिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया त्याबाबत कडक आहेत. काड्यांमध्ये जाळं विणून आत बसणाऱ्या अळ्या आणि सॉफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या हाताने वेचल्या तरी पुरे.

पहिली कुंडीबदल

दोन वर्षांनी, पुन्हा वसंताच्या अखेरीस, नवी पालवी जोरात असताना. पेटीतून काढलं की मुळांचं दाट जाळं दिसेल. एक तृतीयांश, झाड जोमात असेल तर निम्मी मुळं कापा, राहिलेली जुनी माती धुवा, तळ पुन्हा सपाट करा आणि ताज्या मिश्रणात बसवा. त्याच दिवशी वरची फांद्यांची मोठी छाटणी टाळा. पुढे पेपरबार्कला हे वर्षा-दोन वर्षांनी लागतंच, कारण मुळं कुंडी फार पटकन भरून टाकतात आणि मग पाणी वरच्या वर वाहून जातं.

मुख्य फांद्या जागेवर बसल्या आणि खोडाचा उतार मनासारखा झाला की सिरॅमिक कुंडीचा विचार करा. साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी. बिनचकाकीची तपकिरी किंवा राखट, फार उथळ नसलेली कुंडी घ्या. खूप उथळ कुंडी जानेवारीत दिवसातून तीनदा पाणी मागते, आणि दिवसभर नोकरीला जाणाऱ्या माणसाला ते जमत नाही. कुंडीत गेल्यावर झाडाची वाढ मंदावते, त्यामुळे खोड अजून जाड व्हायला हवं असेल तर ते आणखी एक-दोन उन्हाळे फोमच्या खोक्यातच राहू द्या.